हिगुचीची रेषा आणि माझा पडदा

एम. फार्मच्या शेवटच्या वर्षी मी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या जेलवर काम करत होते. जेलमधून औषध किती वेगाने सुटतं ते फ्रान्झ सेल या काचेच्या छोट्या उपकरणात मोजायचं आणि औषधशास्त्रज्ञ हिगुची यांच्या १९६१ च्या समीकरणात बसवायचं. आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ, उभ्यावर सुटलेलं औषध; रेषा सरळ यायला हवी.

माझी दोन्ही टोकांना वाकायची.

आधी संशय बुडबुड्यांवर गेला. वर जेल, मध्ये पडदा, खाली ३२ अंशांवर ढवळलं जाणारं बफर द्रावण, ज्यात औषध उतरतं. सेलचं तोंड १५ मिलिमीटरचं. पडद्याच्या पोटाशी मुगाएवढा एक बुडबुडा चिकटला तरी सात टक्के क्षेत्रफळ बाद. सेल तिरका करून, बोटाने टिचक्या मारून एकेक बुडबुडा बाहेर काढायला शिकले. दर वेळी काढलेल्या सॅम्पलबरोबर गेलेलं औषध पुढच्या बेरजेत धरायचं राहत होतं, तेही सुधारलं. रिडिंग एकमेकांशी जुळायला लागली, पण वाक तसाच.

शेवटचा वाक लवकर उमगला. हिगुचीचं गणित जेलचा थर जणू अथांग आहे असं धरून चालतं. साधारण तीस टक्के औषध निघून गेलं की ते गृहीतक ढिलं पडतं. माझा थर पातळ होता, त्यामुळे नंतरचे बिंदू त्या रेषेत धरायचेच नव्हते.

सुरुवातीच्या वाकाने मात्र दोन महिने खाल्ले. मॅडम म्हणाल्या, "जेलचं गणित मांडलंस, पडद्याचं कुठंय?" मी वापरत होते डायलिसिस मेम्ब्रेन, फार बारीक छिद्रांचं. जेलच्या थराचे पन्नास काप कल्पून, तळाशी पडद्याचा अडथळा घालून कॉम्प्युटरवर हिशोब केला. सुरुवातीला पडदाच वेग ठरवतो, म्हणून सुटलेलं औषध थेट वेळेच्या प्रमाणात वाढतं. पुढे जेलचा अडथळा वरचढ होतो आणि वर्गमूळाची रेषा मिळते. तिचा चढ बिनपडद्याच्या रेषेइतकाच, फक्त ती उजवीकडे सरकलेली.

हे खरं असेल तर दोन पडद्यांनी रेषा दुप्पट सरकायला हवी. रात्रभर भिजवलेले दोन पडदे एकावर एक लावले. संध्याकाळी सहाव्या तासाचं रिडिंग टिपून ग्राफ काढला: चढ जवळपास तोच, सरकणं जवळपास दुप्पट. मी तो कागद घेऊन धावतच मॅडमकडे गेले. आठवडाभरात ०.४५ मायक्रॉनच्या, म्हणजे बऱ्याच मोठ्या छिद्रांचा पडदा लावून सगळे प्रयोग पुन्हा सुरू केले, पण थिसिसमध्ये तो वाकलेला ग्राफ पहिला ठेवला.