नागरिकशास्त्राच्या तासाला भेटलेले दादासाहेब मावळंकर

साताऱ्यात वकिलांची आणि वकिलीतून राजकारणात गेलेल्या माणसांची वानवा कधीच नव्हती. तरीही नागरिकशास्त्राच्या आमच्या सरांनी नववीच्या वर्गाला तपशिलाने सांगितले ते अहमदाबादेत वकिली केलेल्या गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकरांविषयी. जिल्ह्यातल्या पुढाऱ्याचे नाव घेतले की वर्गात लगेच तट पडतात, हे सर पुरते ओळखून असावेत.

मावळंकरांचा जन्म १८८८ चा, बडोद्याचा; घराणे मूळचे कोकणातले. १९१३ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली; पुढे स्वातंत्र्यचळवळ, तुरुंगवास आणि अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद असा प्रवास करत ते १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद त्यांना अवघ्या तीन मतांनी मिळाले, तर १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदी शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध ते ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. शेकापचे नाव निघताच मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली, ती सरांनी चालू दिली.

सरांचा खरा प्रश्न पुढेच होता : ज्याने उमेदीची वर्षे एकाच पक्षकाराची बाजू मांडण्यात घालवली, त्याने अध्यक्षांच्या आसनावर बसून दोन्ही बाजू कशा सांभाळाव्यात? डिसेंबर १९५४ मध्ये मावळंकरांना हटवण्याचा ठराव सभागृहात आला, तेव्हा कामकाज उपाध्यक्षांनी चालवले आणि ठराव नामंजूर झाला, हे सांगून सर थांबले नाहीत. सरकार ऊठसूट अध्यादेश काढते, याविषयी याच काँग्रेसी अध्यक्षांनी सरकारला लेखी नापसंती कळवली होती, हे त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले. आज जिल्हा न्यायालयात उभा राहताना मला वाटते की, दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आधी स्वतःशी मांडून पाहण्याची वकिलाची सवय मावळंकरांना तिथे उपयोगी पडली असावी.

त्याच वर्षी शाळेत अभिरूप लोकसभा भरली आणि अध्यक्षपद माझ्याकडे आले. मी ऐटीत लाकडी हातोडा मागितला. तो फक्त सिनेमातल्या न्यायाधीशाजवळ असतो, असे सांगून सरांनी मला नुसत्या आवाजावर सभागृह शांत करायला लावले. सायकलींसाठी शेड बांधावी, या ठरावावर समसमान मते पडली. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, पण अशा वेळी निर्णायक मत त्यांनाच द्यावे लागते, आणि ते शक्यतो आहे ती स्थिती कायम ठेवणाऱ्या बाजूने द्यावे, असा संकेत सरांनी समजावून दिला होता. त्यानुसार मी विरोधात मत दिले. ठराव पडला, विरोधी बाकांनी टाळ्या वाजवल्या, आणि साताऱ्याच्या त्या पावसाळ्यात इतरांच्या सायकलींबरोबर माझीही सायकल उघड्यावरच गंजली.