आजोबांच्या डब्यातले कंडेन्सर

गिटारच्या अँप्लिफायरमधल्या एका व्हॉल्व्हला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळीला, मीटर लावलं होतं. 36 मिलिव्होल्ट होते. वीस मिनिटांनी 41 झाले, मग 52. शेजारच्या व्हॉल्व्हचं मीटर जेमतेम 38 वर गेलं होतं. इकडे आकडा 60 च्या पुढे गेला आणि काचेतून दिसणाऱ्या राखाडी प्लेटच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या पत्र्याच्या, मधोमध तांबूस डाग उमटला. मी झटकन स्टँडबायचा स्विच पाडून व्हॉल्व्हचा मोठा दाब तोडला.

"काका, काल तालमीत असंच झालं," अँप्लिफायर घेऊन आलेला मुलगा म्हणाला. चेहरा पार उतरला होता त्याचा.

अँप्लिफायर मीच बांधलेला. 50 वॉटचा, मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या अँप्लिफायरच्या धर्तीवरचा, पुढे ईसीसी83 हे तीन छोटे व्हॉल्व्ह आणि शेवटी स्पीकर हलवणारे दोन मोठे, ईएल34. प्रत्येक ईएल34 च्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाला, मी 1 ओहमचा रेझिस्टन्स घालतो, म्हणजे मीटरवरचा 1 मिलिव्होल्ट हा 1 मिलिअँपिअर. प्लेटला 440 व्होल्ट. 36 मिलिअँपिअरला प्लेटवर साधारण 16 वॉट पडतात. ईएल34 ची प्लेट 25 वॉट सोसते, त्यावर ती लाल व्हायला लागते. असा व्हॉल्व्ह तासाभरात कायमचा जातो, आणि जाताना कधीकधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो.

हे झालं कशामुळे, याचा संशय मला त्या तांबूस डागाबरोबरच आला होता. अँप्लिफायर बांधायला घेतला तेव्हा या मुलाने बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणला होता. आजोबांचं गिरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातला हा माल. मेणात बुडवलेले तपकिरी कागदी कंडेन्सर, ठसठशीत रंगांचे कार्बनचे रेझिस्टन्स. "यातलं काहीतरी आत असू दे ना, काका." रेझिस्टन्स मी तेव्हाच बाजूला ठेवले. 100 किलो-ओहमचा रेझिस्टन्स 128 दाखवत होता. पहिल्या टप्प्याच्या प्लेटवर असा जुना कार्बन बसवला तर त्याची खरखर पुढे प्रत्येक टप्प्यात वाढत स्पीकरपर्यंत जाते. तिथे मी 1 वॉटचा मेटल फिल्मच लावतो. उष्णता तिथे पाव वॉटही होत नाही, पण मोठ्या अंगाचा रेझिस्टन्स व्होल्टेज जास्त सोसतो.

कंडेन्सरच्या बाबतीत मात्र त्याचं मन मोडवलं नाही. दोन निवडले. वर 0.02 मायक्रोफॅरड, 600 व्होल्ट लिहिलेलं. मीटरने 0.026 दाखवले. तिथेच मी थांबायला हवं होतं. गळका कागदी कंडेन्सर बहुधा लिहिलेल्यापेक्षा जास्तच मोजला जातो, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते दोन्ही फेज इन्व्हर्टर (दोन ईएल34 ना उलटसुलट आवाज वाटून देणारा टप्पा) आणि ईएल34 च्या मध्ये बसवले, आणि सबंध सर्किटमध्ये याहून नाजूक जागा नाही.

कारण तिथे कंडेन्सरच्या एका पायावर अधिक 220 व्होल्ट असतात आणि दुसऱ्या पायावर ईएल34 च्या ग्रिडचे, म्हणजे करंटला लगाम घालणाऱ्या जाळीचे, उणे 38. गिटारचा आवाज पलीकडे जाऊ द्यायचा आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, अडवून धरायचा, एवढंच त्याचं काम. डीसी थोडा जरी झिरपला तरी ग्रिडवरचा उणे दाब कमी होतो आणि व्हॉल्व्ह भसाभस करंट ओढतो.

तरी संशयावर काम करायचं नाही, म्हणून आधी दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली नाही, त्याच सॉकेटवर राहिली. ग्रिडला हा उणे दाब देणाऱ्या बायसच्या पुरवठ्यावर उणे 38 ठाम होते, पण 220 किलो-ओहमच्या रेझिस्टन्सपलीकडे, ग्रिडवर, उणे 32.5. साडेपाच व्होल्ट कुठून तरी येत होते. पुरवठा बंद केला, फिल्टर कंडेन्सर रिकामे झाल्याची मीटरने खात्री केली (ही पायरी मी कधीच गाळत नाही) आणि कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सोडवला. त्या मोकळ्या पायाला मीटर लावून पुन्हा पुरवठा दिला. चांगला कंडेन्सर असता तर आकडा शून्याजवळ येऊन बसला असता. इथे 30 व्होल्ट होते. मुलाच्या हातात केस वाळवायचं यंत्र दिलं आणि गरम वारा मारायला सांगितलं. 50. 80. 110 वर थांबला, पलीकडच्या 220 च्या बरोबर निम्म्यावर. म्हणजे मीटरच्या स्वतःच्या 10 मेगा-ओहमइतकीच त्या कंडेन्सरची गळती. थंड असताना सगळं ठीक का दिसायचं आणि तालीम रंगात आल्यावर का बिघडायचं, ते त्याला आता समोर दिसत होतं.

कागद ओल धरतो. मेणाला चिरा पडतात आणि मुंबईचे इतके पावसाळे त्यातून आत शिरतात. लोक जुन्या अँप्लिफायरमधल्या सुट्या भागांबद्दल देव्हाऱ्यातल्या टाकांसारखं बोलतात, मला ते पटत नाही. 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शलच्या दुकानासाठी जेटीएम45 हा मार्शलचा पहिला अँप्लिफायर बांधला गेला तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बेसमन या अँप्लिफायरवरून, पण तिथे मिळणारा माल वापरून. पुढे नावाजलेले मोहरीच्या रंगाचे मुलार्डचे कंडेन्सर टीव्हीतही सर्रास असायचे. होते पॉलिस्टरचे, नवेकोरे. त्यांनी आपल्या बाजारातला चांगला माल घेतला, आपणही तेच करायचं.

मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेले 0.022 चे, 630 व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे कंडेन्सर बाहेर काढले. मुलगा गप्पच होता. मग त्याने वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून वडील म्हणाले, "अरे, पावसाळ्यात रेडिओ दुकानात आला की बाबा आधी हाच कंडेन्सर बदलायचे. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडचा. काढलेले त्या डब्यात टाकायचे."

मी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. आजोबांनी ज्या जागेवरून काढले, त्याच जागी मी ते परत बसवले होते.

नवे कंडेन्सर लावून दोन तास अँप्लिफायर चालू ठेवला. बायस पुन्हा जुळवला. 36 आणि 37, त्यानंतर हलले नाहीत.

"मग हे आता टाकूनच द्यायचे?" त्याने विचारलं. मी त्याची गिटार मागितली. गिटारच्या आत डीसी नसतोच, तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपमधून येतो तो नुसता सूक्ष्म, दिशा बदलत राहणारा एसी. टोनच्या नॉबला साधारण याच मापाचा कंडेन्सर चालतो, आणि तिथे 10 मेगा-ओहमच्या गळतीने काहीही बिघडत नाही. मागचं झाकण उघडून त्याच्या टोनच्या नॉबखालच्या पॉटवर आजोबांचा तपकिरी कंडेन्सर बसवला. मावायला अंमळ कष्ट पडले. त्याने नॉब फिरवून पाहिला, चढा आवाज हळूहळू मऊ होत गेला, आणि झाकणाचे स्क्रू मग त्याने स्वतःच आवळले.