फास्ट बोलर सातवीतच दिसतो

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं संपादकांनी कळवलं. डबे, छड्या आणि स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. ठाण्यातल्या मैदानांवर मुलांना शिकवण्यात बरीच वर्षं गेलेल्या माजी विद्यार्थ्याकडून शाळेला काही कामाचं मिळावं, म्हणून मी फास्ट बोलरविषयी लिहितो. बॅट्समनची काळजी घरचेच घेतात, वाढदिवसाला बॅट येते, सुट्टीत क्लास लागतो. फास्ट बोलर मात्र शाळेच्या मैदानावर सापडतो, आणि सोळाव्या वर्षाच्या आत बहुतेक वेळा तिथेच मोडतो. आपल्याकडे मुलं नाहीत, हे मला मान्य नाही. फास्ट बोलर तुषार देशपांडे कल्याणचा. तसाच शार्दूल ठाकूर पालघरचा, आणि पालघर 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं.

निवड करताना सहावी-सातवीच्या मुलांचा विकेटचा रकाना बघू नये. त्या वयात मॅटिंगवर (पिचवर अंथरलेल्या चटईवर) विकेट मिळतात त्या सरळ आणि हळू टाकणाऱ्याला, नाहीतर वर्गातल्या सगळ्यांआधी मिसरूड फुटलेल्याला. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत बाउंड्रीवरून कोणाचा थ्रो सपाट येतो ते बघा. अशा मुलाच्या हाती जुना सीझन बॉल (चामड्याचा कडक चेंडू) द्या, सहा चेंडू टाकायला सांगा, सूचना एकही देऊ नका. आपण स्टंपमागे न थांबता क्रीजच्या रेषेत बाजूला उभं राहायचं. शेवटच्या तीन पावलांत तो हळू होतो का? पुढचा पाय टेकताना गुडघा टिकतो की बसतो? चेंडू सुटल्यावर अंग समोर जातं की बाजूला पडतं? पाय टिकणारा आणि पळता पळता टाकणारा मुलगा चार वाइड टाकत असला तरी तोच घ्यावा. उंचीचा फार बाऊ नको. फास्ट बोलर रमाकांत देसाई बुटके होते, त्यांना ‘टायनी’च म्हणत, आणि अजित आगरकरही काही धिप्पाड नव्हता.

वेग मोजायला स्पीडगन लागत नाही. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन लावा आणि पूर्ण पिच दिसेल अशा जागेवरून चित्रण करा. चेंडू हातातून सुटल्यापासून समोरच्या स्टंपपर्यंतच्या फ्रेम मोजा. हे अंतर साधारण 18.9 मीटर. 168 फ्रेम म्हणजे 0.7 सेकंद, म्हणजे सरासरी ताशी 97 किलोमीटर. 144 फ्रेम आल्या तर 113. टप्प्यानंतर चेंडू मंदावतो, म्हणून हातातून सुटतानाचा वेग याहून जास्तच असतो. आकडा स्पीडगनशी जुळणार नाही. त्याच मुलाचा जूनचा आकडा आणि डिसेंबरचा आकडा ताडून बघण्यापुरता तो चांगला आहे.

‘लाइनवर टाक’ ही सूचना त्या वयात मला सगळ्यात घातक वाटते. वाइडला ओरडा बसला की मुलगा रन-अप आखडतो, हात सांभाळून फिरवतो, आणि दोन महिन्यांत त्याचा मध्यमगती होतो. लाइन पुढे शिकवता येते. गेलेला वेग परत आणणं फार अवघड. स्लोअर वन, नकल बॉल वगैरे हळू टाकून फसवायचे चेंडू तर दहावीपर्यंत नकोच.

अॅक्शन, म्हणजे चेंडू टाकायची ढब, शक्यतो त्याची त्यालाच ठेवू द्यावी. बदलायची ती एकच, मिश्र अॅक्शन. मागचा पाय टेकतो त्या क्षणी पाठीमागून फोटो काढा. कंबर बॅट्समनकडे वळलेली आणि खांदे मात्र बाजूला वळलेले, असं दिसलं तर पुढच्या क्षणी खांदे उलटे फिरून परत येणार आणि कमरेच्या मणक्याला पीळ बसणार. पुष्कळदा ही अॅक्शन शिकवणाऱ्यानेच बिघडवलेली असते. पाय समोर पडणाऱ्या मुलाला ‘साइड-ऑन हो’, म्हणजे बॅट्समनकडे बाजू कर, असं म्हटलं की तो पाय तसेच ठेवतो आणि फक्त खांदे वळवतो. उपाय पायापासून करायचा. मागचं पाऊल ज्या दिशेला पडतं त्याच दिशेला कंबर आणि खांदे. पिचवर खडूने रेघ मारून, चार पावलांच्या रन-अपवर, बॅट्समनशिवाय. टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धांत रमलेल्या मुलाची कोपरही तपासा. हलका चेंडू झटक्याने फेकायची सवय लागते, आणि कोपर सरळ होण्याची मुभा 15 अंशांचीच आहे.

आता षटकं. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने घालून दिलेली मर्यादा आपल्याला वापरायला सोपी आहे: 13 वर्षांखालच्या फास्ट बोलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, 5 आणि दिवसात 10 षटकं, 14-15 खाली 6 आणि 12, 16-17 खाली 7 आणि 18. सामन्यात हे पाळणं कठीण नाही. घोटाळा सामन्याबाहेर होतो. सकाळी शाळेचं नेट, संध्याकाळी क्लास, रविवारी सोसायटीची टूर्नामेंट, आणि कोणालाच दुसऱ्याचा हिशेब ठाऊक नाही. पुढचा पाय आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कैक पट भार येतो, आणि तो प्रत्येक चेंडूला येतो, मग समोर बॅट्समन असो वा नसो. म्हणून पीटीच्या सरांनी एक वही ठेवावी: तारीख, कुठे, किती चेंडू, दुखलं का. वही मुलाने भरायची, सही पालकांची. परीक्षेनंतर एप्रिल-मेचं शिबिर लागतं तेव्हा तर ही वही हवीच. दीड महिना चेंडूला हात न लावलेला मुलगा पहिल्याच दिवशी दोन्ही वेळ टाकायला लागतो. पहिल्या आठवड्यात एकाआड एक दिवस चार-चार षटकं, मग दर आठवड्याला एक षटक वाढवायचं, एवढं पुरे.

त्याच वहीच्या मागच्या पानावर दर महिन्याला उंची लिहा. महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसू लागली की चेंडू निम्म्यावर आणायचे. या काळात हाडं पुढे धावतात, स्नायू मागे राहतात. रन-अप चुकतो, नो-बॉल पडतात. सर म्हणतात लक्ष नाही. लक्ष असतं, पाय लांब झालेले असतात! मुलींची ही वाढ साधारण दोन वर्षं आधी येते.

उजव्या हाताने टाकणाऱ्याची कंबर डावीकडे दुखते, मागे वाकलं की जास्त दुखते, असं झालं तर त्याच दिवशी गोलंदाजी बंद. बाम चोळून रविवारच्या सामन्याला उतरवायचं नाही. मणक्याचा स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) सुरुवातीला साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो; डॉक्टरांना ‘हा फास्ट बोलर आहे’ हे आवर्जून सांगायचं. वेळेत थांबला तर काही महिन्यांत परततो.

सामानाचं थोडक्यात. 13 वर्षांखाली पावणेपाच औंसाचा चेंडू घ्यावा, म्हणजे साधारण 135 ग्रॅम. मोठ्यांचा 156 ते 163 ग्रॅमचा असतो आणि लहान मनगटाला झेपत नाही. सिमेंटवर अंथरलेल्या मॅटिंगवर लोखंडी स्पाइक नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. आपल्या मैदानावर टाकीच्या बाजूने रन-अप जेमतेम बारा पावलांचा होतो, तेव्हा लांब रन-अपच्या मुलाला दुसऱ्या टोकानेच द्यावं. पाय पडतो तिथला खड्डा रोज संध्याकाळी लाल माती भरून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून घ्यावा. शिपाईमामांना माती वेळेवर मिळाली तर हे काम पाव तासाचं आहे.