रिकामा पाय : ताई ची आणि चीगोंगचे चौदा महिने

वही चाळताना लक्षात आलं की चौदा महिन्यांच्या नोंदींत 'हात' हा शब्द सुरुवातीला पानोपानी आहे आणि हळूहळू गायब होत गेलाय. आता निम्म्या नोंदी डाव्या टाचेबद्दल आहेत. जे नुकतेच वर्गाला जायला लागलेत त्यांना यातलं काही उपयोगी पडेल म्हणून सलग लिहून काढतेय. जुन्या मंडळींनी हसायला हरकत नाही.

महिना १ ते ३

आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास. आधी वीस मिनिटं चीगोंग, म्हणजे श्वास आणि संथ हालचालींचे चिनी व्यायाम, मग ताई ची, म्हणजे संथ लयीत करायची चिनी युद्धकला. वर्ग सगळ्यांना खुला, त्यामुळे पाच वर्षं येणारे आणि आज पहिल्यांदा आलेले एकाच घोळक्यात. मी अर्थातच शेवटच्या रांगेत. पुढच्या काकू डावीकडे वळल्या की मी डावीकडे. त्या चुकल्या की मीही चुकायचे, आणि तेही अगदी ठामपणे.

ही युक्ती चोवीस हालचालींच्या संचात चौदाव्या हालचालीपर्यंत चालते. पंधरावी हालचाल म्हणजे मागे वळून डाव्या टाचेची लाथ. अख्खा वर्ग गर्रकन वळतो आणि शेवटची रांग पहिली होते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्यासमोर फक्त भिंत होती. एका पायावर उभी राहून मी मान वळवून मागे बघायला गेले आणि जे व्हायचं तेच झालं. काकूंनी दंडाला धरून सावरलं आणि म्हणाल्या, "अगं, लाथ राहू दे. आधी उभी तर राहा."

तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं होतं. खरं तर पुढचं सगळं वर्ष त्याच वाक्यात होतं.

एकदा कुणीतरी नवीन माणूस कौतुकाने म्हणाला, "हजारो वर्षांपूर्वीची कला, नाही का?" सर हसले. म्हणाले, "कला जुनी आहे हो, पण आपण करतो तो संच १९५६ चा आहे." चीनच्या क्रीडा आयोगाने ताई चीच्या यांग घराण्याचा लांबलचक संच आटवून हा केला, सगळ्यांना शिकता यावा म्हणून. शांतपणे केला तर पाच-सहा मिनिटांत संपतो. हे कळल्यावर मला उलट बरं वाटलं. हा मुळात नवशिक्यांसाठीच बनवलाय म्हटल्यावर छातीवरचं दडपण गेलं.

महिना ४

उजवा गुडघा, आतली बाजू. वर्गानंतर दोन-तीन तास ठणका, जिना उतरताना जास्त. मी निदान करून टाकलं की खूप खाली बसतेय. म्हणून उंच उभी राहून करायला लागले. ठणका तसाच. मग इंटरनेटवर वाचून गुडघ्याला पट्टा बांधला. तरीही तसाच.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि मग म्हणाली, "तुम्ही जे करता ते मला इथे करून दाखवा." मी 'रानघोड्याची आयाळ विंचरणे' सुरू केलं. दुसऱ्या पावलालाच तिने थांबवलं. "पाय जमिनीला चिकटलेला, सगळं वजन त्याच्यावर, आणि अंग मात्र वळतंय. मग पीळ कोणी खायचा?"

गुडघ्याने. तोच खात होता.

हे जरा सविस्तर सांगते, कारण वर्गात बघितलं तर दहातले चार-पाच जण हेच करतात. या हालचालीत एक पाऊल पुढे गेलेलं असतं, वजन त्याच्यावर आलेलं असतं. पुढचं पाऊल टाकण्याआधी त्या पायाचा चवडा बाहेरच्या बाजूला वळवावा लागतो. योग्य पद्धत अशी : आधी वजन मागच्या पायावर न्यायचं, म्हणजे अक्षरशः मागे बसायचं. पुढच्या पायाचा चवडा उचलायचा, नुसती टाच जमिनीला. मग खुब्यातून वळायचं, त्याबरोबर पाऊल वळतं. आणि मगच वजन परत पुढे. मी काय करत होते? मागे बसण्याचा नुसता अभिनय. अंग इंचभर मागे झुकवायचं, आणि वजनाने भरलेलं पाऊल जमिनीवर घासत फिरवायचं. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा आहे, वाकतो आणि सरळ होतो. वळणं हे खुब्याचं काम. खुब्याने कामचुकारपणा केला की शिक्षा खालच्याला.

मागच्या रांगेतून नक्कल करताना हे दिसतच नाही. हात दिसतात. वजन कसं दिसणार? काकू मागे बसत होत्या की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

(दुखतंय आणि आठवडाभरात जात नाही, तर कुणाला तरी दाखवा. पट्ट्यावर विश्वासून मी पाच आठवडे फुकट घालवले.)

महिना ५ : वजनकाटा

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "भरलेलं आणि रिकामं वेगळं करता येत नाहीये तुला." हे तत्त्व यांग घराण्यातले ताई ची गुरू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दहा मुद्द्यांपैकी एक. मी ते वाचलेलंही होतं. मला वाटायचं काहीतरी गूढ असेल, यिन-यांग वगैरे. सर म्हणाले, "गूढ काही नाही. बाकी अंग न हलवता तो पाय उचलून दाखव. उचलला गेला तर रिकामा. उचलण्याआधी कुठेतरी झुकावं लागलं, तर नव्हता."

मला झुकावं लागलं. दर वेळी.

घरी एक जुना काट्याचा वजनकाटा होता. त्याच्याशेजारी तेवढ्याच उंचीचा जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. एक पाय काट्यावर, एक पुस्तकांवर. माझं वजन बासष्ट किलो. 'मागे बसले' असं वाटेपर्यंत वजन मागे नेलं, म्हणजे पुस्तकांवरच्या पायावर, आणि नजर खाली न नेता बहिणीला आकडा वाचायला सांगितला.

"एकवीस."

"अगं नीट बघ, दोन-एक असेल."

"एकवीस म्हणतेय ना मी!"

माझ्या डोक्यात पाय रिकामा होता आणि काट्यावर तो माझ्या वजनाचा तिसरा हिस्सा घेऊन बसला होता. मग खरोखर मागे गेले. बारा. आणखी. आठ. तिथे मागची मांडी थरथरायला लागली, आणि तेव्हा कळलं की इतके महिने मी पुढचा पाय कुबडीसारखा वापरत होते. मांडीला कष्ट नकोत म्हणून.

त्या महिन्यात घरी संच केलाच नाही. रोज दहा मिनिटं फक्त काटा. डावा, उजवा, डावा, उजवा. कंटाळवाणं? प्रचंड. पण तिसऱ्या आठवड्यात ठणका कमी झाला.

महिना ६ : रेशमाचे आठ तुकडे

बादुआनजिनची, म्हणजेच या 'आठ तुकड्यां'ची, दोन दिवसांची कार्यशाळा. आठच हालचाली. चीनमध्ये २००३ साली जे चार चीगोंग संच प्रमाणित करून प्रसारात आणले, त्यातला हा एक. बाकीचे तीन म्हणजे स्नायू-कंडरांचा यीजिनजिंग, पाच प्राण्यांचा वूचिनशी आणि सहा ध्वनींचा लिऊझीजुए. वर्गात आम्ही बादुआनजिन घाईघाईत उरकायचो, ताई चीच्या आधीचं वॉर्मअप म्हणून. इथे एका हालचालीवर तास-तास.

भिंतीवर मावांगदुईच्या चित्राची प्रत लावली होती. चीनमध्ये १९७० च्या दशकात उकरलेल्या एका थडग्यात ते रेशमावरचं चित्र सापडलं. थडगं बंद झालं इ.स.पू. १६८ मध्ये. चार रांगांत चव्वेचाळीस माणसं, कुणी वाकतंय, कुणी हात वर ताणतंय, एकाच्या हातात काठी. दुपारच्या सुट्टीत मी बराच वेळ त्यासमोर उभी होते. चीगोंग हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो १९५० च्या दशकात, त्याआधी या प्रकाराला दाओयिन म्हणत. म्हणजे नाव नवं आणि वाकणं-ताणणं जुनं. मला मात्र त्या चित्रात एकच शोधायचं होतं, की यांचं वजन कुठल्या पायावर आहे. बऱ्याच जणांचे पाय धूसर झालेत. निराशा.

शिकले ते दोन गोष्टींत. चौथ्या हालचालीत मान वळवून मागे बघायचं असतं, आणि मी आख्ख्या धडासकट वळत होते. शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही गुडघ्यांना बोटं लावून ठेवली आणि म्हणाल्या, "हे हलले नाही पाहिजेत." मान निम्मीच वळली, पण पाठीत खांद्यांच्या मध्ये असा काही ताण आला की 'अरे, ही हालचाल यासाठी आहे होय!' असं झालं. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटची हालचाल, टाचा उचलून सात वेळा खाली सोडणं. मी टाचा आपटायचे, दात वाजायचे. "सोडा. आपटू नका. हातातली पिशवी खाली ठेवताना कशी ठेवता?" तेव्हापासून दात शाबूत.

महिना ८-९

नुसतं उभं राहणं. झान झुआंग. गुडघे किंचित सैल, माकडहाड खाली, हात एखादं झाड कवेत घेतल्यासारखे. दोन मिनिटांनी सुरुवात, आता बारा. याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. खांदे दुखतात, मग सोडून देतात. सहाव्या मिनिटाला मनात भांडणं सुरू होतात, कधी काळची. तळहात गरम होतात, बोटांत मुंग्या येतात. "हीच का ती ची, अंगातली जीवनशक्ती?" असं एकाने विचारलं तेव्हा सर म्हणाले, "हात गरम झालेत एवढं लिहा वहीत." मीही तेवढंच लिहिते. सैल सोडलेल्या हातात रक्त जास्त खेळत असेल तरी मला चालेल, आणि आणखी काही असेल तर ते माझ्या मान्यतेसाठी अडून बसलेलं नाही.

महिना १०

वर्गातल्या एका काकांना पार्किन्सन आहे. डॉक्टरांनीच त्यांना पाठवलं. त्यांच्या मुलीने मला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या २०१२ च्या चाचणीबद्दल सांगितलं : सौम्य ते मध्यम पार्किन्सनचे १९५ जण, आठवड्यातून दोनदा तासभर, २४ आठवडे. ताई ची करणाऱ्यांचा तोल वजनं घेऊन व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आणि स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षाही चांगला सुधारला होता. आजार बरा होतो असं त्यात कुणी म्हटलेलं नाही, आणि काकाही तसं म्हणत नाहीत. ते खुर्चीच्या पाठीला एक बोट लावून 'ढगांसारखे हात' करतात. त्या हालचालीत वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्ण जातं आणि मग पाऊल बाजूला पडतं, चालण्याची जणू संथ उजळणी. त्यांचा रिकामा पाय माझ्यापेक्षा रिकामा असतो. त्यांना अभिनय परवडत नाही.

महिना ११ : तुईशो

हात-ढकल म्हणजे जोडीने करायचा सराव, एका दुपारची कार्यशाळा. मनगटाला मनगट टेकवून गोल फिरवायचं, आणि समोरच्याचा तोल कधी कच्चा होतोय ते स्पर्शातून ओळखायचं. माझी जोडीदार साठीच्या पुढची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. मी मनात म्हटलं, जपून हं, आजींना लागायला नको.

आजींनी मला सात वेळा मागे पाठवलं. जोर न लावता. मी ढकलायला गेले की माझं दोन्ही पायांवर सारखं वजन अडकायचं, जणू दाराच्या फटीत बोट. त्या तेवढ्यापुरत्या बाजूला व्हायच्या आणि मी माझ्याच जोराने पुढे. मग परत येताना त्यांचा तळहात छातीशी. आठव्या वेळी मी ढकललंच नाही, नुसती मागच्या पायावर बसले. त्यांचा धक्का आला आणि माझ्यातून कुठेतरी खाली गेला. दोघीही थांबलो. "हां," आजी म्हणाल्या, "आता कुणीतरी घरी आहे."

त्यानंतर परत चार वेळा मागे गेले, ते सोडा.

महिना १४, आजची स्थिती

संच : चोवीस हालचाली तोंडपाठ, साडेपाच मिनिटं. 'सापाचं खाली उतरणं' ही एका पायावर खोल बसायची हालचाल अजून अर्धीच, आणि पूर्ण करण्याची मला घाई नाही.

गुडघा : चार महिने ठणका नाही. डोंगर उतरल्यावर एकदा झाला, त्याचं खापर ताई चीवर फोडत नाही.

काटा : उजव्या पायावर बसले तर डाव्याखाली तीन किलो. डाव्या पायावर बसले तर उजव्याखाली सात. दोन्ही बाजूंत एवढा फरक का, हे सरांना विचारलं. त्यांनी माझ्या चपला उलट्या करून बघितल्या. डाव्या चपलेची बाहेरची कड जास्त झिजलीय. म्हणजे हे ताई चीच्या कितीतरी आधीपासून चाललंय. आता दोन आठवडे चालताना नुसतं लक्ष ठेवतेय, सुधारायचं काही नाही असं त्यांनी बजावलंय. लक्ष ठेवलं की चालताच येत नाही नीट, हा भाग वेगळा.

वर्गात आता मधल्या रांगेत असते. गेल्या आठवड्यात पंधराव्या हालचालीला वळलो तेव्हा मागची रांग पुढे आली आणि एक नवीन मुलगा भिंतीकडे बघत गोठला. मी त्याला काही सांगणार, तेवढ्यात माझीच लाथ डळमळली.

काकू काटा मागताहेत. त्यांचाही उजवा गुडघा कुरकुरतोय म्हणे.