फ्युर्थच्या घराची चतुःसीमा

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळी भावंडे अण्णा म्हणतो, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात चाळीस वर्षे दस्तलेखक होते. कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी लोकांची खरेदीखते, गहाणखते आणि बक्षीसपत्रे लिहिली. शाळेतून येताना मी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून ती वाचत असे, त्यामुळे ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त’ ही ओळ अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी मला पाठ झाली होती. २०२२ साली मी आणि माझ्या नवऱ्याने जर्मनीत घर घ्यायचे ठरवले, तेव्हा किमतीच्या आकड्यापेक्षा मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कागदावर मी सही करणार होते, आणि तो कागद ज्या भाषेत असणार होता ती मी तिशी उलटल्यावर शिकले होते.

आम्ही बव्हेरियात, न्यूरेंबर्गला लागून असलेल्या फ्युर्थ शहरात राहतो. पहिले जे घर आम्हाला आवडले, त्याच्या मालकाने आमच्याशी हात मिळवून किंमत मान्य केली होती, आणि मुलीने तर आपली खोलीही निवडून ठेवली होती. दहा दिवसांनी त्यांनी ते घर दुसऱ्या कुटुंबाला जास्त किमतीला देत असल्याचे दोन ओळींत कळवले. जर्मन कायद्यानुसार स्थावर मिळकतीचा करार नोटारसमोर, म्हणजे दस्त करून देणाऱ्या सरकारनियुक्त कायदेतज्ज्ञासमोर, झाल्याशिवाय त्याला कवडीची किंमत नसते, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. फोनवर हे ऐकून अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, “विसार पावती केली नव्हतीस का?” इथे विसार नावाची गोष्टच नाही, हे त्यांना समजावून सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण त्या क्षणी मला ती पावती फार हवी होती.

त्या वर्षी व्याजदरांनी तर झोप उडवली. दहा वर्षांच्या स्थिर दराचे गृहकर्ज जानेवारीत एक टक्क्याच्या आसपास मिळत होते, आणि ऑक्टोबरपर्यंत तोच दर चार टक्क्यांच्या जवळ जाऊन पोहोचला. आम्ही या दोन टोकांच्या मधोमध सापडलो होतो. बँकेचा देकार थोडेच दिवस टिकत असे, आणि कागदपत्रे गोळा होईपर्यंत नवा, वाढलेला आकडा हातात येई. त्यातच एका बँकेने आमच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना नाही, केवळ ब्लू कार्ड, म्हणजे परदेशी कुशल नोकरदारांना मिळणारा मुदतीचा परवाना, आहे, म्हणून अर्ज परत पाठवला. शेवटी दुसऱ्या बँकेने मे महिन्यात अडीच टक्क्यांनी होकार दिला, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून बराच वेळ नुसती त्या ईमेलकडे पाहत राहिले.

वरखर्चाचा भाग आपल्याकडच्या माणसाला ओळखीचा वाटेल, पण त्याचे ओझे कमी नाही. मिळकत खरेदीवरचा कर बव्हेरियात साडेतीन टक्के आहे, जो इतर काही राज्यांत साडेसहा टक्क्यांपर्यंत जातो. नोटार आणि ग्रुंडबूख, म्हणजे जमीन नोंदवही, यांचा खर्च दीड ते दोन टक्के होतो, आणि २०२० च्या डिसेंबरपासून विकणारा व घेणारा अर्धीअर्धी वाटून घेतात ती दलाली वेगळी. असे सगळे मिळून नऊ टक्क्यांच्या घरात जाते, आणि बँका ही रक्कम सहसा कर्जात धरत नाहीत, ती गाठीला असावी लागते. अण्णांनी आपली मुदत ठेव मोडून सहा लाख रुपये पाठवले. मी नको म्हणत होते, पण त्यांचे म्हणणे एवढेच होते की घर तुम्ही घ्या, दस्ताचा खर्च मात्र माझ्याकडून राहू दे. ते पैसे खरोखरच नोटारच्या बिलासाठी वापरले, आणि त्याची पावती मी त्यांना पाठवली.

दुसरे घर मिळाले ते १९७८ साली बांधलेल्या ओळीतले, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले. जुने घर घेताना खरेदीखतात बहुधा असे कलम असते की घर पाहिले तसे घेतले, आणि पुढे दोष निघाल्यास विकणाऱ्यावर जबाबदारी नाही. अपवाद फक्त त्याने जाणूनबुजून लपवलेल्या दोषाचा. म्हणून आम्ही एका बांधकाम तज्ज्ञाला पैसे देऊन सोबत नेले. तळघरात मला केवळ कपाटे आणि जुनी सायकल दिसली. त्याने कपाट हातभर पुढे ओढले आणि भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला उमटलेली, मिठासारखी पांढरी रेघ दाखवली. बोट फिरवले तर ती भुकटी होऊन गळत होती. ओलाव्याचे यंत्र त्याने सात ठिकाणी टेकवले आणि सांगितले की पाणी एकाच कोपऱ्यातून, पन्हळीच्या तुटलेल्या नळीपाशी, मुरते आहे. त्या रेघेमुळे किंमत थोडी उतरली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण काय विकत घेतो आहोत हे आम्हाला कळले. घर घेणाऱ्या प्रत्येकाने या माणसाच्या फीमध्ये काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

कराराचा मसुदा आमच्या हाती तीन आठवडे आधी आला. रोज रात्री दोन पाने, शब्दकोश शेजारी, समासात मराठी अर्थ, असा तो मी पूर्ण केला. प्रत्यक्ष दिवशी नोटारने आधी आम्हा दोघांशी साधे बोलून आमची जर्मन किती पक्की आहे हे पाहिले, कारण कायद्याने ती खात्री करून घेणे त्याचे काम असते. माझ्या नवऱ्यासाठी दुभाषी आणला होता. मग नोटारने तो संपूर्ण दस्त मोठ्याने वाचला. दीड तास लागला. वाचण्याची गती इतकी होती की श्वास कुठे घेतो ते कळत नसे, पण मी हात वर केला की तो थांबे, पेन खाली ठेवी आणि तेच कलम साध्या भाषेत पुन्हा सांगे. तो विकणाऱ्याचाही नव्हता आणि आमचाही नव्हता, आणि त्या खोलीत मला सर्वांत मोठा आधार त्याच गोष्टीचा वाटला. शेवटचे वाक्य होते की हा दस्त वाचून दाखवला, पक्षकारांनी मान्य केला आणि स्वहस्ते सही केली. माझ्या कानात अण्णांच्या शेडमधले ‘वाचून पाहून, समजून उमजून, राजीखुषीने व अक्कलहुशारीने’ घुमले. समासात मराठी लिहिलेली माझी प्रत मांडीवर होती, आणि सही करताना हात थरथरला नाही.

पैसे लगेच द्यायचे नसतात. आधी ग्रुंडबूखमध्ये घेणाऱ्याच्या नावे राखीव नोंद होते, म्हणजे मधल्या काळात ते घर आणखी कोणाला विकले तरी आपला हक्क अबाधित राहतो. नगरपालिका आपल्या अग्रहक्कावर पाणी सोडत असल्याचे कळवते, आणि मग नोटारचे पत्र येते की आता रक्कम भरा. ते पत्र यायला सात आठवडे लागले. पैसे पोहोचल्यावर मालकीणबाईंनी किल्ल्या दिल्या, आणि त्यांसोबत पन्हळ कोणत्या महिन्यात साफ करायची हे लिहिलेली एक चिठ्ठीही दिली.

मालकीची अंतिम नोंद झाल्याचे टपाल नोव्हेंबरात आले. मी ते अण्णांना फोनवर वाचून दाखवले. ‘गेमार्कुंग’ या शब्दावर त्यांनी मला थांबवले, त्याचा अर्थ विचारला आणि म्हणाले, “म्हणजे मौजे. पुढे?” पुढे ‘फ्लूरश्ट्युक’ आणि एक क्रमांक होता. “गट नंबर,” ते म्हणाले. “आणि चतुःसीमा?” चतुःसीमा त्या कागदात नव्हती. मग मी कोट चढवून फोन घेऊन बाहेर गेले आणि होकायंत्र लावून एकेक सांगत गेले की उत्तरेस रस्ता, पूर्वेस व पश्चिमेस लगतची घरे, दक्षिणेस बागेमागची पायवाट. पलीकडे पेनचा आवाज ऐकू येत होता.

“तरू काय आहेत?” त्यांनी विचारले.

“एकच आहे, अण्णा. चेरीचं. सध्या पानं गळली आहेत.”

“चेरीचे झाड एक,” ते सावकाश म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतले.