कोच गेले त्या रविवारी

1 डिसेंबर 2024. सकाळी साडेनऊला कोचना काढल्याचं कळलं आणि दहाच्या आत माझ्या ऑफिसबाहेर सात मुलं उभी होती.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात फुटबॉल संघातल्या मुलांच्या अभ्यासाचं मी बघते. माझं माहेर कोल्हापूर. तिथे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतली ईर्ष्या. इथला हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळतात. आमचा हंगाम नुकताच संपला होता. 12 सामने, 2 विजय.

मुख्य कोच गेले की त्या वेळच्या नियमाने खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांच्या यादीत, नाव घालायला लगेच 30 दिवस मिळायचे. नवे कोच ठरण्याआधीच संघ सुटायला लागायचा. त्यात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे इंडियाना विद्यापीठ. 2023 मध्ये 12 पैकी 9 सामने हरलेला संघ; कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले, पोर्टलमधून खेळाडू आणले, आणि आदल्याच रात्री त्यांनी परड्यू विद्यापीठाला 66-0 ने हरवलं होतं. आता सगळ्यांना वर्षात निकाल हवा. कॅन्सस स्टेट विद्यापीठात कोच बिल स्नायडर 1989 साली पहिल्या हंगामात एकच सामना जिंकले होते, तरी त्यांना पुढची वर्षं मिळाली. मला ते फार मोलाचं वाटतं.

दुपारी तिसऱ्या वर्षातला एक लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, आला. दार भरून टाकणारा मुलगा, पण खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला.

"मिस, माझे क्रेडिट्स जातील का?"

क्रेडिट्स म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीसाठी जमा होणारे गुणांक. तेव्हाच्या नियमाने चौथ्या वर्षी खेळायचं तर पदवीचा 60 टक्के भाग पुरा लागायचा. 120 पैकी 72 क्रेडिट्स. आमच्याकडे डिसेंबरअखेर त्याचे 78 होणार होते. त्याच्या मनात असलेल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडून आम्ही एकेक विषय जुळवला. माझ्या हिशेबाने 51 बसत होते. म्हणजे वसंत सत्रात 15, उन्हाळ्यात 6, आणि एकाही विषयात नापास व्हायचं नाही. अडीच वर्षं पहाटे साडेपाचला उठून व्यायामाला जाणाऱ्या पोराचे 27 क्रेडिट्स असे हवेत जाताना बघून मला भयंकर राग आला. संघ नव्याने उभारायच्या गप्पांत हा आकडा कुणीच काढत नाही.

"जाऊ नको" असं मी म्हणाले नाही. तो माझा अधिकार नाही. एवढंच सांगितलं, की कुठेही गेलास तरी पुढच्या आठवड्यातली परीक्षा देऊन जा. न देता गेलेल्या मुलाचं वर्ष अडकतं, आणि मागे राहिलेल्यांच्या एपीआरमधला, म्हणजे संघाच्या अभ्यासातल्या प्रगतीच्या आकड्यातला, गुणही जातो. तो आकडा 930 च्या खाली उतरला तर हंगामानंतरचे सामने बंद होतात.

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. दारापर्यंत गेला आणि वळला.

"उद्या आठची स्टॅटिस्टिक्सची शिकवणी आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. बाहेर अजून चार जण थांबले होते.