बाबांच्या हातची पेटी

एकादशीच्या सकाळी पणजीच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा पाऊस लागून राहिला होता. बरोबर माझी दहा वर्षांची लेक. बाबा गेल्यानंतरची ही पहिली आषाढी, आणि ती आमच्या गावी, माशेललाच करायची हे मी पुण्यातून निघतानाच ठरवलं होतं.

स्थानकाला लागूनच मांडवी. आज तिच्यावर तीन पूल आहेत. जुलै १९८६मध्ये इथला जुना पूल कोसळला, तेव्हा बाबांचं काम पलीकडे पर्वरीला चाललं होतं. नवा पूल होईपर्यंत ते रोज फेरीबोटीने जात. खांद्यावर हत्यारांची पिशवी: करवत, रंधा, पटाश्या, गुण्या. रात्री घरी आले की त्या पिशवीला नदीचा आणि भुशाचा मिळून एक वास असे. लेकीला नदी दाखवत हे सांगत होतो. तिने विचारलं, "आजो दमत नसत?" दमत असणार. पण जेवण झालं की ते पुन्हा कामाला बसत, तेही दुसऱ्याच.

रायबंदरचा पोर्तुगीज काळातला बांध, जुनं गोवं, मग बाणस्तारीचा पूल ओलांडून डावीकडे माशेल. खिडकीबाहेर खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांतलं, पाणी रस्त्याच्या बरोबरीला आलं होतं.

बाबा पेशाने सुतार. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही, सगळ्यांचे ते 'मेस्त'. पण चतुर्थी जवळ आली की चिकणमातीचे गणपती करायचे, शेजारच्या चार घरांच्या माटोळ्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटी, बांधायच्या, घुमट या मातीच्या वाद्याला कातडं चढवायचं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. त्यावर बंदी आल्यावर बकऱ्याच्या कातड्यातून तसाच नाद काढण्यासाठी ते कितीतरी दिवस झटले होते. जत्रेच्या नाटकाचे पडदे रंगवायचे आणि ऐनवेळी कोणी आजारी पडला तर तोंडाला रंग लावून स्वतः उभं राहायचं.

या सगळ्यांत त्यांचा जीव होता तो बाजाच्या पेटीत. गोव्याच्या पावसाळ्यात पेटीचे हाल होतात. दमट हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, भात्याचं कापड सुटतं, आतल्या पितळी पत्त्यांवर हिरवट डाग चढतो. आसपासच्या वाड्यांवरच्या भजनी मंडळांच्या पेट्या जून लागला की आमच्या पडवीत येत. बाबा एकेक पत्ती कानाजवळ धरून वाजवत. सूर उतरला असेल तर टोकाशी अगदी हलकं घासायचं, चढला असेल तर मुळाशी. "चड घासलें जाल्यार परत येना," ते म्हणत; जास्त घासलं गेलं तर परत येत नाही. शिकवणारा कोणी नव्हता. सारं कानाने आणि बोटांनी मिळवलेलं. मला सुतारकाम आलं नाही की पेटीही. मी बाहेर नोकरीला गेलो आणि त्यांनी एकदाही अडवलं नाही, याची टोचणी अजून आहे.

देवकीकृष्णाच्या देवळात चोवीस तासांचं भजन सुरू झालं होतं. ही देवता मूळची चोडण बेटावरची. पोर्तुगीजांच्या काळात तिला तिथून हलवावं लागलं. माय आणि बाळ यांची एकत्र पूजा होते म्हणून आई इथे नेहमी दोन फुलं जास्त वाहायची. सभामंडपात एका खांबाशी टेकून बसलो. दोन मंडळांची पाळी बदलताना एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले.

"तूं मेस्ताचो पूत न्हय?"

मी मान हलवली. त्यांनी काही न बोलता पेटी माझ्यापुढे सरकवली आणि वरची फळी उचलली. आतल्या बाजूला सुताराच्या जाड पेन्सिलीने मोडीसारखं तिरकं अक्षर: 'भाता नवा केला. पावसात उघडी ठेवू नये.' बाबा दारांच्या चौकटींवर मापं लिहीत, अगदी तेच वळण. लेकीने त्यावरून बोट फिरवलं. "आजोबांनी पैसे घेतले होते का?" तिने त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "भजनाच्या पेटीचे? ना गो."

ते पुन्हा वाजवायला बसले आणि तिला भात्याशी बसवलं. ती दोन-तीनदा चुकली, मग तिचा हात लयीत पडला. रात्री बराच वेळ मी तो भाताच ऐकत होतो.

द्वादशीला चिखलकालो. सकाळपासून माणसं अंगाला तेल चोपडत होती. 'जय विठ्ठल, हरी विठ्ठल'च्या गजरात सगळे मैदानातल्या चिखलात उतरले. लहानपणी बाबांनीच माझ्या पाठीला तेल लावलं होतं. रंध्याने घट्टे पडलेला त्यांचा तळवा पाठीला खरखरीत लागायचा. या वेळी तेल लावलं ते कालच्या म्हाताऱ्यांनी. त्यांचाही हात तसाच. मी काही बोललो नाही, मान खाली घालून उभा राहिलो.

लेक कडेला उभी होती, नवे कपडे घालून. मैदानातून हाक मारली, तर चपला काढून ती धावतच आली.